जागा बघणारी कोंडाआत्या

परवा नातीच्या रिसेप्शनसाठी हॉल बघायला म्हणून मुलानं मला दिवसभर गाडीतून हिंडवलं. शिरूरच्या अलीकडं एक, पलीकडं एक, हायवेला आणखी दोन. प्रत्येक ठिकाणी मॅनेजर पुढं यायचा, पार्किंग दाखवायचा, जनरेटर दाखवायचा, स्टेजमागचं रंगीत कारंजं चालू करून दाखवायचा. शेवटी मुलानं विचारलं, "आई, तुला कुठला पसंत?" मी म्हटलं, "वारा कुठनं येतो ते बघितलंस का?" तो हसला. एसी हॉलमधे कसला वारा, म्हणाला. खरं आहे त्याचं. पण माझ्या तोंडातून निघालं ते कोंडाआत्याचं होतं, आणि ती आठवली की माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली तरी फिरतं. म्हणून एकदा तिच्याबद्दल सगळं बोलूनच टाकते.

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत, आम्ही भावंडं क्वार्टरात वाढलेली. लग्न होऊन शिरूरच्या खाली, घोड नदीच्या काठच्या या गावात आले तेव्हा एस. टी. नुकती कुठं नीट धावायला लागली होती. आमच्या भिंतीला भिंत लावून बापूरावांचं घर. बापूराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, सोसायटीचे चेअरमन. कोंडाबाई त्यांची थोरली बहीण. तिचा नवरा तापानं गेला तेव्हा शेवंता तिच्या पोटात होती. सासरच्यांनी दिवसकार्य झाल्या झाल्या गाडी जुंपली, तिला माहेरच्या दारात उतरवलं आणि परत कधी तोंड दाखवलं नाही. भावाच्या घरात ती दिवसभर राबायची, आणि राबता राबता कुणाला बोलायची सोडायची नाही. उंच, वाळकी बाई. कपाळावर हिरवं गोंदण, त्याच्यावर काही नाही. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

तर या बाईशिवाय आमच्या भागात एकाही मोठ्या लग्नाची जागा ठरत नव्हती. आणि एकाही लग्नाच्या मांडवात ती उभी राहात नव्हती. विधवा ना. जागा तिनं दाखवायची, पाणी कुठून आणायचं ते तिनं सांगायचं, आणि अक्षतांची वेळ झाली की तिनं गुपचूप मागं, चुलींपाशी जाऊन बसायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण मी नवी सून, माझं कोण ऐकतं.

हे जागा बघणं कसं सुरू झालं ते माझ्या सासूबाई सांगायच्या. बापूरावांच्याच लग्नात. खळ्यावर मांडव घातला होता आणि स्वयंपाकाचा चर खणला होता मांडवाच्या मावळतीला. आत्या पाण्याची घागर घेऊन चालली होती, ती थांबून पुरुषांना म्हणाली, "सांजंचा वारा मावळतीचा हाय. ह्यो धूर समदा पंगतीत यील." ते म्हणाले, "तू पानी भर, बाई." संध्याकाळी पंगत बसली आणि धुरानं माणसं ताटावर रडायला लागली. व्याही अर्ध्या जेवणातून उठला. मग पुढच्या लग्नाला बापूरावांनी, कुणाला कळू न देता, तिला विचारलं. त्याच्या पुढच्याला उघड विचारलं. तेव्हापासून तिचा नेम ठरलेला: चर नेहमी उगवतीच्या बाजूला, वाऱ्याच्या खाली. यात तिनं कधी कुणाचं ऐकलं नाही.

तिची जागा बघायची तऱ्हा बघण्यासारखी. लग्न ज्या वेळेला लागणार त्याच वेळेला ती जायची. गोरज मुहूर्त असला तर गुरं परतायच्या वेळी. ओच्यात भुसा बांधून न्यायची आणि चिमूट चिमूट हवेत सोडायची. तांब्याभर पाणी जमिनीवर ओतून ते कुठं धावतं ते बघायची. मग पंगतीला बसल्यासारखी मांडी घालून खाली बसायची, आणि बरोबर आलेल्या पुरुषांनाही बसवायची. धोतरं मळतील म्हणून कुणी कुरकुरलं की म्हणायची, "मग पावन्यांची काय पितांबरं हायती व्हय?" बैलं कुठं सुटणार, म्हातारी माणसं आडोशाला कुठं जाणार, दारू पिऊन आलेला कुठं आडवा होणार, हे सगळं ती मोठ्यानं विचारायची. पुरुष लाजायचे, ती लाजायची नाही. "चांगलं काय त्ये तुमास्नी दिसतंयच की. वंगाळ कुठं हाय त्ये बगाया मला आनलंया."

आणि सगळं बघून झालं की उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटायची. "हितं मेढ." मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. त्याची पूजा करून तो रोवतात, आणि एकदा रोवला की लग्न पार पडेपर्यंत तो हलवत नाहीत. काय वाटेल ते होवो, मांडव दुसरीकडं न्यायचा म्हणजे अपशकुन. त्यामुळं आत्याची टाच पडली की विषय संपला.

एकदा एका नव्या पैसेवाल्यानं तिला नेलं. त्याला मांडव घालायचा होता एस. टी.च्या रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावा म्हणून. आत्या म्हणाली, "पावनं जेवाया बोलावल्यात का यष्टीतल्या लोकास्नी दावाया?" तो चिडला. "आत्या, जिमीन माझ्या मालकीची हाय." "व्हय की. पर धूळ न्हाई तुमच्या मालकीची." त्यानं ऐकलं नाही. दर गाडीला लापशीवर धुळीचा थर बसत होता, आणि मी स्वतः दाताखाली खडा चावला. आत्या मागं चुलींपाशी होती. तिच्या तोंडावर रेष हलली नाही. पुढच्या पोरीच्या वेळी तो मुकाट तिला न्यायला आला.

शिरूरचा चाँदभाई मांडववाला, त्याचं आणि तिचं मात्र जमायचं, म्हणजे भांडायचं. बांबू, कनाती, गॅसबत्त्या सगळं चाँदभाईचं. चार पिढ्या त्याच्या घरात हाच धंदा. तो म्हणायचा, "कोंडाक्का, तुमी भुसा उडवून मोकळ्या. खडकात खड्डं खांदाया लागत्यात आमाला." ती म्हणायची, "मग खडकाचं भाडं येगळं लाव. कुनी हात धरलाय?" त्याच्या मुलीच्या निकाहला त्यानं तिलाच जागा विचारली. तिनं मशिदीमागच्या चिंचेखालचं अंगण दाखवलं. मी गेले होते त्या लग्नाला. वेळ झाली तशी आत्या सवयीनं उठली आणि मागं निघाली. चाँदभाईच्या बायकोनं तिचं मनगट धरलं आणि बायकांच्या घोळक्यात, अगदी नवरीच्या शेजारी, खाली बसवलं. हातात सरबताचा पेला दिला. त्या रात्री आत्या भिंतीवरून मला म्हणाली, "आगं, मला कुनी उठ म्हनलंच न्हाई." आणि जेवली नाही, तशीच निजली.

आणि त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. आमच्याच आळीतली मुलगी सासरी निघाली होती, बैलगाडी सजवलेली. आत्या पाणी घेऊन कोपऱ्यावरून आली आणि समोर पडली. नवऱ्यामुलाच्या आजीनं गाडी थांबवली. नवरीला उतरवून परत घरात नेली, पाय धुतले, पुन्हा कुंकू लावलं. ज्या लग्नाची जागा आत्यानं उन्हात उभं राहून बघितली होती ते हे लग्न. ती घागर खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, गाडी गावाबाहेर जाईपर्यंत. माझा संताप संताप झाला. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "गप ऱ्हा. पोरीचा दिस हाय." मी गप्प राहिले, पण त्या म्हातारीला मी आजही माफ केलेलं नाही.

शेवंता सतराची झाली तसं तिला स्थळ आलं ते माझ्या माहेराकडून. मुलगा दौंडला लोकोशेडमधे, घरचे सगळे रेल्वेतले. त्यांचं म्हणणं पडलं की लग्न दौंडलाच करा, आमच्या माणसांना रजा मिळत नाहीत. बापूरावांनी मान्य केलं, पण लग्न दणक्यात व्हायला पाहिजे, चार तालुक्यांत नाव निघालं पाहिजे. कन्यादान तेच करणार होते, बायकोबरोबर. बैठक चालली होती आणि आत्या दाराआड उभी होती. तिथूनच म्हणाली, "लगीन कुठंबी करा. जागा मी बगनार." बापूराव म्हणाले, "तुझ्याबिगर कोन बगनार, आक्का?"

माझं माहेर तिथलं म्हणून मी तिच्याबरोबर गेले. माझा तान्हा वसंत काखेत, आत्याच्या ओच्यात भुशाची पुरचुंडी. एस. टी.नं आधी शिरूर, मग दौंड. मुलाकडच्यांनी तीन जागा सुचवल्या होत्या. पहिली रेल्वेच्या वसाहतीजवळचं मैदान. आत्यानं जमिनीवरून हात फिरवून काळा तळवा दाखवला. कोळशाची भुकटी. दुसरी बाजारातली धर्मशाळा. चांगली पक्की, आत विहीर, चारी बाजूंनी भिंत. मला वाटलं हीच. आत्या मागच्या दारानं स्वयंपाकाच्या अंगणात गेली, तिथून मांडवाच्या चौकाकडं बघितलं. मधे भिंत. "न्हाई," म्हणाली. का ते सांगितलं नाही.

तिसरी जागा भीमेच्या बाजूला, कडुनिंबाची झाडं असलेलं सपाट रान, आणि त्याच्या मावळतीला पुरुषभर उंचीचं एक टेकाड. आत्या टेकाडावर चढली. मला खाली उभी केली, बोहलं येईल तिथं. "मावळतीला त्वांड कर." भटजींनी सांगितलं होतं, नवरीचं तोंड मावळतीला राहील. "आता तुज्या पुढ्यात अंतरपाट हाय आसं समज. मान जरा वर कर." मी केली. ती वरून बघत राहिली. मग दोन पावलं सरकून परत बघितलं. अंतरपाटाच्या वरून माझं तोंड तिला दिसत होतं. तिनं खाली येऊन टाच आपटली.

"आन् चर?" मी विचारलं.

"वर. टेकाडावर."

"आत्या, मावळतीला?"

ती गाडीच्या वाटेला लागली. मग माझ्या ध्यानात आलं की पुरचुंडी तशीच बांधलेली होती. त्या संध्याकाळी तिनं भुसा उडवलाच नव्हता.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर आपण होऊन म्हणाली, "चर जितं, तितं मी. माजी जागा तीच हाय. चर उगवतीला खांदला आस्ता तर पोरीच्या पाठीकडं बसाया लागलं आस्तं मला." मी काही म्हणणार तोच तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "येकदा तिचं त्वांड बगायचंय, सुमन. अक्षता पडताना. समद्यांच्या पोरींच्या टायमाला पाठ करून बसले. धुराचं काय, सोसत्याल लोकं घडीभर." आयुष्यात तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते एवढंच.

शेवंतालाही तिनं सांगून ठेवलं होतं, "टेकाडावर आसंन मी. वर बगितलं की दिसंन."

लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत वाऱ्याचा पत्ता नव्हता. मेढ आदल्या दिवशीच रोवलेली. चाँदभाईनं मांडव असा घातला होता की बापूराव दर पाहुण्याला हाताला धरून दाखवत होते. टेकाडावर चर पेटला, भाताच्या मोठ्या काहिली चढल्या. आत्या धुतलेलं काळं लुगडं नेसून वर उभी, आचाऱ्यांवर ओरडत होती, आणि मला ती त्या दिवशी जरा तरुण दिसली.

ऊन कललं आणि वारा सुटला. मावळतीचा. सगळा धूर टेकाडावरून उतरून मांडवात शिरला. बायका पदर तोंडाला लावून खोकायला लागल्या, पोरं रडायला लागली. मुलाची आई डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "ही जागा बघितली तरी कुणी?" बापूराव खाली बघत राहिले. त्यांनी बहिणीचं नाव घेतलं नाही, एवढे त्यांचे उपकार. मांडव हलवता येत नव्हता, मेढ रोवलेली. उकळत्या काहिली हलवता येत नव्हत्या. मुहूर्त तोंडावर आलेला. मुलाकडचा कुणीतरी म्हणाला, त्या अंगाला कनात लावा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांगली उंच.

चाँदभाई टेकाडावर आला. त्याला सगळं ठाऊक होतं. चर मावळतीला का, हे त्यानं तिला आधीच विचारलं होतं आणि तिच्या गप्प राहण्यावरून ओळखलं होतं. तो म्हणाला, "कोंडाक्का, काय करू सांगा. न्हाई म्हना, मी न्हाई लावत. कनात आनलीच न्हाई म्हंतो."

आत्यानं खाली बघितलं. मांडवात लोक खोकत होते. "लाव," म्हणाली. "लौकर लाव. पोरीच्या डोळ्यात जाईल."

कनात उभी राहिली. टेकाडावरून आता फक्त कापड दिसत होतं आणि कापडाच्या वर कडुनिंबाचे शेंडे. मंगलाष्टकं सुरू झाली. वसंत धुरानं रडत होता म्हणून मी त्याला घेऊन बाहेर, कनातीच्या अलीकडं आले होते. तिथं मला दिसलं की दोन कापडं जिथं जोडली होती तिथं बोटभर फट राहिली होती. मी आत्याला हातानं खुणावलं. ती टेकाडावरून धावत उतरली. त्या वयात ती धावताना मी पहिल्यांदा बघितली.

ती फटीपाशी पोचायला आणि वाऱ्याचा झोत यायला एकच गाठ पडली. भुसभुशीत मातीतली खुंटी उपटून आली, कनातीचा खांब आतल्या बाजूला कलला. आत बोहलं, पेटवलेल्या गॅसबत्त्या, शेवंता. आत्यानं झेप घेऊन खांब धरला, खांदा लावला, पाय मातीत रोवले. फट तिच्यापासून हातभर लांब राहिली.

"आत्या, द्या, मी धरते. तुम्ही बघा."

"काखंत ल्योक हाय तुज्या. व्हय बाजूला."

"मग कुणाला तरी हाक मारते."

"मंगलाष्टकं चालल्यात. मदी वरडू नगं." वारा परत आला, खांब तिला घेऊन हलला, तिनं दात खाऊन तो परत उभा केला. मग म्हणाली, "तूच बग. आन् मला सांग."

मी फटीला डोळा लावला. मावळतीचं ऊन कापडातून गाळल्यासारखं सगळ्यांच्या तोंडावर पडलं होतं. मुंडावळ्यांआड शेवंता उभी. ती अंतरपाटाकडं बघत नव्हती, भटजींकडं बघत नव्हती. मान वर करून कनातीकडं बघत होती, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला.

"काय करतीया?"

मला खोटं सुचलं नाही. "इकडं बघतीया, आत्या. तुम्हाला हुडकतीया."

एक पूर्ण कडवं झालं. खांबावरच्या तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. मग ती म्हणाली, "तिला खाली बगाया सांगा कुनीतरी. लोकं नावं ठेवत्याल."

भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं, वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या. काही जोरानं फेकलेल्या, कनातीवरून आमच्या अंगावर आल्या. आत्याच्या केसात, खांद्यावर पडल्या. तिचे दोन्ही हात खांबाला होते. मी त्या झटकायला गेले तर मान हलवून नको म्हणाली, आणि लगेच, जसं काही चोरी करताना सापडली, स्वतःच मान हिसडून त्या खाली पाडल्या.

चाँदभाई धावत आला, खांब हातात घेतला. "आक्का, जावा आता आत. मी हाय हितं. कोन काय म्हंतंय बगतो." ती आत गेली नाही. टेकाडावर गेली. मी मागोमाग. खांब कलल्यानं कापड जिथं जरा खाली आलं होतं तिथून आता नुसते फेटे हलताना दिसत होते, शेवंता खाली बसली असणार.

मुलगी सासरी दौंडलाच राहिली. त्यानंतर आत्यानं कुणाची जागा बघितली नाही. माणसं यायची, ती म्हणायची, "माजी नजर बिघाडली." दोनेक वर्षांत ती गेली. पण माझ्या डोळ्यांपुढं येते ती त्या टेकाडावरची. ती थोडा वेळ त्या फेट्यांकडं बघत उभी राहिली. मग पदर खोचला, चरापाशी वाकली, पेटतं लाकूड ओढून मातीत दाबलं आणि आचाऱ्याला म्हणाली, "भात झालाय. आता लाकडं काडा बाहीर. पावन्यांच्या डोळ्यात धूर जातोय."